ल्यूबाची ब्रेल पट्टी

९ नोव्हेंबर

सकाळी ल्यूबाचा फोन आला. शेजारणीच्या मांजराने जिन्यात काय करून ठेवलं ते सांगता सांगता मध्येच म्हणाली, "आणि ब्लांकी, आजकाल पट्टी नीट बोटाखाली येत नाही गं."

कधीपासून, म्हणून विचारलं.

"झाले थोडे दिवस. कधी येते, कधी नाही. असेल काहीतरी," आणि परत मांजर.

असेल काहीतरी म्हणून कसं चालेल? थोरली बहीण माझी, जन्मापासून आंधळी. जर्मन माहितीपुस्तिकांची भाषांतरं करून जगते. धुलाई यंत्रं, बॉयलर, गवत कापायची यंत्रं. पडद्यावरचा मजकूर त्या पट्टीवर बारीक टाचण्यांच्या ठिपक्यांनी वर येतो आणि ती बोटांनी वाचते. बोलणारा संगणक तिला नको असतो. म्हणते, दिवसभर कुणी कानाशी बडबडत राहिलं की वाक्य माझं राहत नाही.

दोष कुठे आहे ते मला फोन ठेवायच्या आतच कळलं, आणि तिला तसं सांगूनही टाकलं. चालू संगणकाला काही जोडलं की कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नुसतं ओरडतं, कुणीतरी आलंय. कोण आलं, त्याला काय नाव द्यायचं, त्याच्यासाठी कुणाला उठवायचं, हे बघायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. आमच्या पेत्स्का या संगणकप्रणालीत यूडेव्ह नावाच्या प्रोग्रॅमचा एक जुना फाटा, म्हणजे वेगळी काढून सांभाळलेली प्रत, ते काम करतो. तो फाटा सांभाळणाऱ्या माणसाने उन्हाळ्यातच लिहिलं होतं की मी थकलो, तुम्ही दुसरं काही शोधा. आम्ही शोधलं नाही. पेत्स्का उभारणारा ओल्दा म्हणाला, चालतंय तोवर चालू दे.

आता चालत नाही. मला अपराध्यासारखं वाटतंय आणि, खरं लिहायचं तर, थोडं बरंही वाटतंय. घटस्फोटानंतरच्या या दोन हिवाळ्यांत कुणाला माझी इतकी निकड लागली नव्हती.

१३ नोव्हेंबर

बुधवारची बैठक. म्हणजे मी आणि ओल्दा. पबवाले अजून आमच्यासाठी मोठं टेबल राखून ठेवतात. वाढणारी बाई दोन ग्लास आपटून म्हणाली, "बाकीचे नेहमीप्रमाणे वाटेत का?"

"ट्राम चुकली त्यांची," ओल्दा म्हणाला. "दहा वर्षांपूर्वी."

पेत्स्का म्हणजे जर्दाळूची आठळी. शाळांनी फेकून दिलेल्या संगणकांसाठी ओल्दाने हे छोटंसं लिनक्स बांधलं, तेव्हा आम्ही त्या टेबलावर मावत नव्हतो. मी त्यात शिरले ती ल्यूबासाठी, ब्रेलची आवृत्ती करायला.

त्याला सगळं सांगितलं. त्याने लोणच्यातल्या सॉसेजचा तुकडा काट्याला लावला आणि विचार करत राहिला. सत्तरी उलटली त्याची, पण दोष सापडलाय म्हटलं की चेहरा उजळतो.

"मूळ यूडेव्ह का नाही घेत?"

"तो आता प्रोग्रॅमांच्या त्या मोठ्या गठ्ठ्याबरोबर येतो. एकाला बोलवावं तर सगळं कुटुंब सामानासकट दारात. आपल्या जुन्या यंत्रांवर मावणार आहे का ते?"

"मग एमडेव्ह घे, पोरी. आमच्या कापडगिरणीच्या फाटकावर एक बाई बसायची. तिच्याकडे एक कागद. एका ओळीत एक माणूस, पुढे त्याला कुठे पाठवायचं ते. कागदावर नाव नसलं तर प्रत्यक्ष मंत्री आला तरी बाहेर उभा. एमडेव्ह म्हणजे ती बाई."

"पण बाकीचे प्रोग्रॅम यूडेव्हलाच विचारायला जातात ना, कोण आलं म्हणून?"

"त्यांच्यासाठी यूडेव्ह असल्याचं सोंग करणारी एक चिमुकली लायब्ररी मिळते. विचारलं की मान डोलावते. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. माझं लग्न तेवढ्यावरच टिकलं."

खूप दिवसांनी पोट धरून हसले.

१८ नोव्हेंबर

ल्यूबाकडून यंत्राच्या नोंदी मागवल्या. तिच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीने पाठवल्या. पट्टी जोडली, पट्टी ओळखली, ब्रेलचा प्रोग्रॅम सुरू झाला. प्रत्येक वेळी तेच. एकही चूक नाही.

दिवसभर डोकं धरून बसले. संध्याकाळच्या चहाला उलगडा झाला. नोंदी खऱ्या आहेत, पण वेळ चुकते आहे. पट्टी पुरती जागी होण्याआधीच हाक दिली जात असणार, म्हणून नोंदीत सगळं ठाकठीक आणि बोटाखाली काही नाही. असा दोष सर्वांत वाईट. सगळं बरोबर दिसतं आणि समोरच्या माणसाच्या हाती काही लागत नाही.

ल्यूबाला फोन करून समजावलं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुला पक्कं वाटतंय, यंत्राचंच आहे?"

"यंत्राचंच. दुसरं काय असणार?"

"हं. मग बरं आहे," ल्यूबा म्हणाली.

७ डिसेंबर

त्रेबीचला ल्यूबाकडे जाऊन आले. तुफान थंडी, बसमध्ये हीटर बंद.

ल्यूबाच्या उजव्या हाताच्या तर्जनीला मोठा फोड आला आहे. शेगडीवर टेकलं म्हणे. "वासावरून कळलं," ती हसत म्हणाली. "मला वाटलं रोहलिक पाव जळतोय." लहानपणापासून स्वयंपाक करते आहे, कधी चटका लागल्याचं आठवत नाही. दमली असेल. मी मलम लावलं, तर म्हणते कशी, "लावलंस का? बरं."

औषधांची दोन खोकी पुढे करून विचारलं, "यातली सकाळची कुठली गं?" साखरेच्या आजाराच्या गोळ्या दोन प्रकारच्या झाल्या आहेत आता. खोक्यावर ब्रेलमध्ये नाव असतं, म्हणून मी बोट फिरवून बघितलं. ठिपके आहेत, पण आजकाल ही औषधवाली मंडळी ते नीट उठवतच नसणार. कशातही काटकसर. एकावर मी रबर चढवून दिलं.

पट्टी मेजावर नव्हती. "काम नाहीये सध्या," ल्यूबा म्हणाली, "नाताळ आला ना." मी तिला सांगितलं की जानेवारीपर्यंत नवीन आवृत्ती हातात देते. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

१५ डिसेंबर

पेत्स्काच्या ईमेल लिस्टवर प्रस्ताव टाकला होता: जुना फाटा काढायचा, एमडेव्ह आणि सोबत ती सोंग करणारी लायब्ररी घ्यायची. आमचा नियम ओल्दाने पहिल्या वर्षीच घालून दिलेला आहे. प्रस्ताव मांडावा, रविवार संध्याकाळपर्यंत वाट बघावी. कुणी हरकत घेतली नाही तर सगळ्यांचा होकार. मतदान नाही, भांडणं नाहीत.

एकट्या मारोशने उत्तर दिलं, झिलिनाहून. पूर्वी अर्धी पेत्स्का तोच बांधायचा. "ब्लांका, अख्खी इमारत रिकामी झाली आहे आणि तू फाटकावरची बाई बदलते आहेस. कोणासाठी?"

मी लिहिलं, "एका माणसासाठी. तेवढं पुरे."

त्यावर त्याचं उत्तर: "पुरे असेल. ही हरकत समजू नकोस. मी लिस्टवरून नाव काढतोय, पाच वर्षं आळस केला." आणि खाली, "ल्यूबाला माझा नमस्कार. तिच्या हातच्या खसखस भरलेल्या गोड बुख्त्या अजून आठवतात."

आज रविवार. संध्याकाळपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. प्रस्ताव एकमताने मंजूर. ओल्दाला फोन केला तर म्हणाला, "बघ, आपल्याकडे कशी शिस्त आहे." मीही हो म्हटलं. पण फोन ठेवल्यावर ते एकमत मला घरभर ऐकू येत राहिलं.

२ जानेवारी

काल वर्षभर पैसा यावा म्हणून खातात ती नववर्षाची मसूर एकटीने खाल्ली. ल्यूबा येणार होती, पण पाय दुखतात म्हणून आली नाही. हिवाळ्यात तिला असं होतं.

एमडेव्हची मांडणी लिहायला बसले. माझ्याकडे पट्टी नाही, आणि ती महाग असते. पण तिच्या पट्टीच्या आत जी चिप आहे तीच एका साध्या केबलमध्ये मिळते, ती आणली. इथेच खरी ग्यानबाची मेख निघाली. हीच चिप थर्मामीटरमध्ये असते, वजनकाट्यात असते, हौशी पोरांच्या खेळण्यांत असते. फाटकावरच्या बाईला सगळ्यांचा चेहरा एकच दिसतो. म्हणून बहुतेक जण ती ओळ बंदच ठेवतात, नाहीतर प्रत्येक थर्मामीटर लावला की ब्रेलचा प्रोग्रॅम धावत येईल. मी ती ओळ उघडली. ल्यूबाच्या घरात जे काही जोडलं जाईल ते पट्टीच असेल असं धरून चाला, असं यंत्राला सांगितलं. चूक झाली तर एका थर्मामीटरला ब्रेल यायला लागेल.

छोटी स्क्रिप्ट लिहिली. चिप दिसली की जरा थांब, पट्टीला जागी होऊ दे, मग प्रोग्रॅमला उठव. ते थांबणं लिहिताना मला लहानपणीची ल्यूबा आठवली. आई शाळेसाठी हाका मारायची, आणि ही पांघरुणात बसून ब्रेलचं पुस्तक पोटावर घेऊन वाचत असायची, दिवा न लावता. मला दिवा लागायचा. किती हेवा वाटायचा तिचा.

११ जानेवारी

वाईट आठवडा. लायब्ररी कीबोर्ड ओळखते, माऊस ओळखते, केबल मधूनच विसरते. दोनदा वाटलं सोडून द्यावं. विद्यापीठात दिवसभर इतरांचे प्रिंटर दुरुस्त करते, घरी येऊन हे. मारोशचं वाक्य डोक्यातून जात नाही. एका माणसासाठी म्हणाले खरी, पण त्या एका माणसाला तरी मी नीट विचारलं का? फोन केला की मीच बोलत राहते. चिप, हाक, थांबणं. ल्यूबा हं हं करते.

आज म्हटलं, "तू काहीच सांगत नाहीस."

"तू खूश आहेस ना, ते ऐकते," ती म्हणाली.

मी खूश आहे का?

१९ जानेवारी

जमलं! केबल लावली की लगेच ओळख, काढली की लगेच नोंद, परत लावली की परत. टेबलाभोवती एक फेरी नाचले. आवृत्ती एका यूएसबी काडीवर घालून टपालाने पाठवली. खालची मुलगी बसवून देईल.

२३ जानेवारी

ल्यूबाचा निरोप आला: "बसवली स्वल्पविराम लावताच बोटाखाली आली स्वल्पविराम अगदी पूर्वीसारखी पूर्णविराम तू हुशार आहेस."

विरामचिन्हं शब्दांत! माझी चेष्टा करायची तिची जुनी सवय. किती दिवसांनी तिला असा उत्साह आला. ओल्दाला निरोप वाचून दाखवला. त्याने विचारलं, "असं बोलून लिहिते का ती हल्ली?"

"चेष्टा करते," मी म्हटलं.

"हो. चेष्टाच," तो म्हणाला. "चल, एक बिअर माझ्याकडून."

३० जानेवारी

कसं लिहू कळत नाही.

इतरांसाठी आवृत्ती लिस्टवर ठेवायची म्हणून सगळ्या फायली शेवटच्या तपासत होते. माझी ती स्क्रिप्ट, पट्टीला उठवणारी, तिला चालवायची परवानगीच दिलेली नाही. मी माझ्या यंत्रावर तेव्हाच हाताने दिली होती, म्हणून माझ्याकडे चाललं. काडीवर गेली ती नुसती अक्षरं. एमडेव्हने दार उघडलं असेल, स्क्रिप्टकडे बोट दाखवलं असेल, आणि पुढे काहीही झालं नसेल. आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येक जण एकदा करतो आणि दुसऱ्याला हसतो.

म्हणजे ल्यूबाच्या घरी ती पट्टी जिवंत होणं शक्यच नव्हतं. ना लावताच, ना लावून तासभर बसलं तरी.

सकाळपासून दुसरा काही अर्थ लागतो का ते बघते आहे. खालच्या मुलीने दुरुस्त केलं असेल? तिला गाणी लावायच्या पलीकडे काही येत नाही. जुनीच आवृत्ती चालू राहिली असेल? मग "पूर्वीसारखी" का म्हणाली, तिथेच तर दोष होता. माझं मन मोडू नये म्हणून म्हणाली असेल. पण तसं असेल तर गेला आठवडाभर ती काम कशावर करते आहे?

ओल्दाला फोन केला. म्हटलं, "ती खोटं बोलली."

"मग जाऊन ये," ओल्दा म्हणाला. नेहमीसारखं काही चावट बोलला नाही. "यंत्रावर हात ठेवण्याआधी तिच्याशी बोल, पोरी."

२ फेब्रुवारी

काल त्रेबीचला गेले. दुरुस्त केलेली काडी पर्समध्ये.

ल्यूबाने कॉफी केली, बुख्त्या गरम केल्या, स्वतः एकही घेतली नाही. मी म्हटलं, पट्टी काढ, माझी एक चूक राहिली होती. ती म्हणाली, कॉफी तर पिऊ दे. कॉफी झाली. मग म्हणाली, अजून एक पी.

पट्टी कपाटातून निघाली, पण केबल मिळेना. ल्यूबाच्या घरात दोऱ्याचं रीळसुद्धा वर्षानुवर्षं एकाच जागी असतं. ती एकेक खण उघडत होती, आत हात फिरवत होती आणि बंद करत होती. तिसऱ्या खणात केबल होती, मला दिसत होती. तिचा हात केबलवरून गेला, थांबला नाही, पुढे सरकला. तिने खण बंद केला.

मी उठून खण उघडला, केबल घेतली, नवीन आवृत्ती बसवली, यंत्र चालू करून तिच्या भाषांतराची एक पुस्तिका उघडली आणि पट्टी लावली.

लावताच आली. सगळ्या टाचण्या एकदम उठल्या, पडद्यावरचं अक्षरन् अक्षर. इतकी नेटकी मी स्वतःही कल्पली नव्हती.

ल्यूबाने दोन्ही हात पट्टीवर ठेवले. बोटं डावीकडून उजवीकडे गेली, परत डावीकडे आली.

"आली की," ती म्हणाली. "छान आली."

"काय लिहिलंय?"

तिची बोटं पुन्हा एकदा गेली, या वेळी हळू, दाबून. मग थांबली. फोडाच्या जागी पांढरी जाड कातडी झाली आहे.

"तूच वाच," ल्यूबा म्हणाली.

ब्रेल मला डोळ्यांनी वाचता येतं, लहानपणी तिनेच शिकवलं. मी वाचलं, "गाळणी महिन्यातून एकदा स्वच्छ करावी."

"करावी नको. करा लिही. करावी म्हटलं की लोक करत नाहीत." मग तशीच, त्याच आवाजात, "साखरेने नसा जातात. आधी पायांतली जाणीव गेली. शरद ऋतूत बोटांचं सुरू झालं. डॉक्टरीण म्हणाली, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा. काही राहिलेलंच नाही, हे मी तिला सांगितलं नाही. मोठी गोड बाई आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, ब्लांकी. नोव्हेंबरमध्ये. बोटाखाली येत नाही म्हणाले. तू म्हणालीस, दोष सापडला." ती जरा हसली. "इतकी आनंदात होतीस. मला वाटलं, कोण जाणे, खरंच यंत्राचा असेल. आठवडाभर तर मीही मानलं."

"मग काम?"

"फोनला बोलून सांगते. तो लिहितो, मला वाचून दाखवतो. दिवसभर कानाशी बडबडतो." तिने खांदे उडवले. "वाक्यं त्याची असतात आता. कंपनीला फरक कळत नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. दुसरी बोटं, ओठ, तळहात, जास्त उंच टाचण्यांची पट्टी. इतका वेळ कोणती चिप कशी उठवायची यात काढला होता, त्यामुळे तोंडातून तसलंच काही येणार होतं. त्याऐवजी पट्टी आवरून ठेवावी म्हणून केबलला हात घातला.

"काढू नकोस," ल्यूबा म्हणाली. तिने मान थोडी वळवली, कान पट्टीकडे केला. "पुढची ओळ घे."

मी कळ दाबली. टाचण्यांची एक लाट बारीक करकरत उठली आणि बसली. मी वाचायला तोंड उघडलं.

"वाचू नकोस. नुसती पुढे घे."

मी पुढची ओळ घेतली, मग त्याच्या पुढची. तिचे हात पट्टीवर तसेच होते. अशी अख्खी पुस्तिका झाली, यंत्र कुठे ठेवायचं इथपासून ते बिघडलं तर कुणाला बोलवायचं इथपर्यंत. ती संपली तेव्हा ल्यूबा म्हणाली, परत पहिल्यापासून. शेवटची बस चुकली.